पाण्याचं नातं

राजानं माशाचा तुकडा दोन बोटांत उचलला, काळ्या रश्श्यात घोळवला, आणि स्वतःच्या तोंडाशी नेता नेता मध्येच थांबून राणीच्या पुढ्यातल्या पावाच्या कापावर ठेवला.

"हा घे. पोटाकडचा आहे. लोण्यासारखा."

डोना गियोमारनं मान झुकवून आभार मानले आणि त्या तुकड्याकडे बघत राहिली. लांप्रेया हा नदीतला मासा, वामीसारखा लांबडा आणि बुळबुळीत. दुसऱ्या माशाला तोंड डकवून त्याचं रक्त पीत जगतो. मग माणसं त्याला पकडतात, त्याचं रक्त वाडग्यात धरतात आणि त्याच रक्तात त्याला शिजवतात. ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो. त्यामुळे पोर्तुगालमधले सगळे पुण्यवान लोक सहा-सात आठवडे रक्तानं ओठ माखून घेत उपवास करत. नाव्हाराहून लग्न होऊन ती इथं आली त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, पण हा वास काही अंगवळणी पडला नव्हता.

टेबलाखाली राजाची लाडकी कुत्री त्याच्या पोटरीवरची जखम चाटत होती. शिकारीत झालेली ती जखम कधी धड भरतच नसे. वैद्यापेक्षा कुत्रीची जीभ बरी, असं राजाचं मत होतं. आणि राजाचं मत तेच वैद्याचं. तो जेवता जेवता खाली हात घालून कुत्रीचं डोकं कुरवाळी आणि तोच हात परत रश्श्यात बुडवी. चाटण्याचा चपचप आवाज राणीला स्पष्ट ऐकू येत होता.

तो वाईट माणूस नव्हता, आणि तिला हेच सगळ्यात जास्त खुपे. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, लग्नात तिच्या नावावर करून दिलेली गावं परत मागितली नाहीत, तिच्या माहेराला नावं ठेवली नाहीत. दुष्ट नवऱ्याचा निदान द्वेष तरी करता येतो. या हसऱ्या, मोकळ्या मनाच्या, घामट माणसाची नुसती किळस येई, आणि नवऱ्याची किळस येते या तक्रारीवर कुठलाही न्यायाधीश निवाडा देत नाही. हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण आलेंकेर हे तिचं स्वतःचं गाव होतं आणि इथले निवाडे तीच देत असे.

"एक मागणं आहे," राजा म्हणाला. "डोर्डियाला मुलगा झाला. ऐकलं असशील."

"ऐकलं."

"गुटगुटीत आहे अगदी. नाक माझं घेतलंय."

"देव त्याला आयुष्य देवो, महाराज."

"तेच म्हणतो मी. येत्या शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, इथंच बाप्तिस्मा करू. बिशप त्याला पाण्यातून वर काढेल तेव्हा तू हात पुढं कर. तू त्याची धर्ममाता हो."

राजाची बाहेरची मुलं राणीच्या घरात वाढायची, ही रीत जुनीच. त्याच्या दोन मुली तिच्याकडे होत्या. भरतकाम करायच्या, भांडायच्या, तिला आईसाहेब म्हणायच्या. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, पोरींचा काय दोष. पण चर्चमध्ये सगळ्या गावासमोर या मुलाला हातात धरणं म्हणजे स्वतःच्या तोंडानं सांगणं होतं, की माझी कूस वाया गेली, आता हाच तुमचा. तिचे दोन मुलगे आणि एक श्वासही न घेतलेली मुलगी मठाच्या फरशीखाली झोपली होती.

"तुझ्या हातात आला की लोकांची तोंडं बंद होतील," राजा म्हणाला. मग तो वाकला आणि त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि मी काही आशा सोडलेली नाही, बरं का. डोर्डिया बाळंतीण. ईस्टर झाला की मी उन्हाळाभर इथंच आहे, तुझ्याजवळ. उपवास सुटला की आपलंही बघू."

त्यानं हात उचलला तेव्हा झग्यावर पाच बोटं उमटली होती.

"मला विचार करायला थोडा वेळ द्या," ती म्हणाली.

तिच्या खोलीत तोदा वाट बघत होती. तोदा तिची दाई. तिच्याबरोबर नाव्हाराहून आलेली आणि आता दात पडलेली. चारचौघांत ती राणीसाहेब म्हणे, दार लागलं की पोरी.

"ओकायचं असेल तर ओकून घे," तोदानं तस्त पुढं केलं.

"नको."

"मग झगा काढ. हा डाग थंड पाण्यानंच जातो." तोदा डाग चोळत बसली. राणीनं तिला सगळं सांगितलं. धर्ममाता हा शब्द ऐकून तोदा जमिनीवर थुंकली, पण उन्हाळ्याचं ऐकल्यावर तिचे हात थांबले.

"सुईण काय म्हणाली होती, आठवतंय ना?"

"पुढच्या खेपेला मी वाचत नाही म्हणाली."

"हे त्याच्या कानावर घातलंस का?"

"घातलं. रडला तो. खरंच रडला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मग डोळे पुसले, म्हणाला देवावर भरवसा ठेव. आणि त्याच रात्री परत."

तोदा परत डाग चोळू लागली. उपवासाच्या दिवसांत नवरा-बायकोनं वेगळं निजायचं, असा धर्माचा नियम होता. बाकीच्यांना उपवास कधी एकदा संपतो असं होई. राणीला तो बारमाही हवा होता. आणि आता जेमतेम आठवडा उरला होता.

"मठात जाऊन राहा मग," तोदा शेवटी म्हणाली. "पुष्कळ राण्या जातात."

"मठात गेले की गावं गेली. आज या गावात पाणवठ्यावरून भांडण झालं तर लोक माझ्या दारी येतात. मठात माझ्या दारी कोण येईल? कोंबड्या."

"जिवापेक्षा गावं मोठी का?"

"गावांशिवाय कसला जीव?" ती म्हणाली. "त्याला नाही म्हणायचा हक्क मला नाही. लग्नातच तो देऊन टाकतात."

"आणि ती बया काय म्हणते?"

"डोर्डिया? तिला काय. विशीसुद्धा उलटली नाही. बापाला जमीन मिळाली, भावाला घोडा मिळाला. तिला आवडत असेल."

"आवडत असेल?" तोदानं विचारलं.

"मला काय करायचंय," राणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारिन्या तागाचं कापड घेऊन आली. बाप्तिस्म्याचा अंगरखा कुणालाही शिवायचा असो, गावात बारीक पोताचं कापड तिच्याकडेच मिळे. तिचा नवरा पायो विणकर होता आणि बाजार ती बघायची. राणीनं तिला बघितलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. वर्षभरापूर्वी निवाड्याला उभी होती तेव्हा ती वाळलेल्या शेंगेसारखी दिसत होती; आता अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि गालांवर रंग आला होता.

"बरं चाललंय ना, मारिन्या?"

"तुमच्या कृपेनं, राणीसाहेब. कापड बघा, यात एक गाठ सापडली तर फुकट देईन."

"आणि पायो?"

"पायोचं काय हो. मागावर बसतो, धोटा इकडून तिकडं फेकतो, जेवतो. माझ्या खोलीला कडी आहे. पाय लांब करून झोपते मी, राणीसाहेब. लग्नानंतर पहिल्यांदा कळलं, माझी खाट केवढी आहे ते."

तोदा फस्सकन हसली. राणीलाही हसू आलं.

"मग तो बिचारा करतो काय?"

"जातो कुठंतरी. खाली नदीकडच्या आळीत असेल. जिथं जातो तिथली बघून घेईल. मी काय गावाचा मक्ता घेतलाय?"

तिघी हसल्या. मारिन्या कापडाची घडी उलगडून दाखवत होती आणि राणीचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिला तो निवाडा आठवला.

पायोला दुसरीकडे एक मूल झालं होतं आणि जन्मताच ते मरायला टेकलं. पाद्री गावात नव्हता. पायोनं मूल उचलून घरी आणलं, सुईणीला पाणी घालायला लावलं आणि बायकोला म्हणाला, धर हातात, तूच हो धर्ममाता. तिनं धरलं. मूल त्याच दिवशी गेलं, पण नातं मागं राहिलं. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जी मुलाला हातात घेते ती त्या मुलाच्या बापाची बहीण होते. हे नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट मानतात. बहिणीच्या खाटेकडे जाणारा भाऊ सरळ नरकात जातो. शेजाऱ्यांनी ओरड केली, पायोनं बायकोला घराबाहेर काढलं आणि बाई राणीच्या दारी आली. राणीनं बिशप सोएरोला बोलावून घेतलं. बिशपनं सांगितलं, लग्न मोडत नाही, घरावरचा तिचा हक्क जात नाही. मूल धरायला कुणी सांगितलं? नवऱ्यानं. म्हणजे खोट त्याची. त्यानं तिच्याकडे शेज मागायची नाही, जन्मभर. बायकोनं त्याचं सांगणं ऐकलं, तिचा दोष नाही. त्यानंतर कित्येक महिने पायो रस्त्यात दिसला की पोरं 'बहिणीला रामराम सांगा' म्हणून ओरडायची.

"तोदा," राणी म्हणाली, "हे कापड घेऊन टाक. सगळं."

मंगळवारी तिनं राजाला निरोप पाठवला: मी तयार आहे, पण लोक म्हणतील राणी आपण होऊन पुढं आली, दुसरीचं पोर पळवायला निघाली. तेव्हा महाराजांनी स्वतःच सगळ्यांसमोर मला विनंती करावी. राजाला निरोप आवडला. अशा गोष्टींचा त्याला शौकच होता.

त्याच दुपारी दालनात गावचे पंच, सरदार, पाद्री सगळे जमले होते. राजा उठला, लंगडत तिच्या आसनापाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "राणी डोना गियोमार, माझ्या मुलाला पाण्यातून हातात घ्यावं, ही मी तुला विनंती करतो. विनंती कसली, नवरा म्हणून आज्ञाच समज." मग तो स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

"महाराजांची आज्ञा आहे तर मी धरीन," ती म्हणाली.

पंचांनी माना खाली घातल्या. तिची गावं, तिची माणसं. त्यांना तिची लाज वाटत होती. मागच्या रांगेत कुणाची तरी बायको शेजारणीला म्हणाली, "नाक कापून घेतलं की हो हिनं." राणीला ते ऐकू आलं. तिनं चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही, पण रात्रीचं जेवण तिनं परत पाठवलं.

शनिवारी सकाळी डोर्डियाची खेचरं आली. बाळंतीण बाईचं सोयर फिटेपर्यंत तिला चर्चचा उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून ती बाहेरच्या कमानीखाली दगडी बाकावर बसून राहिली आणि मूल सुईणीच्या हातात आत गेलं. राणी तिच्यासमोरून गेली. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी बाकावर आहे, एवढंच तिनं पाहिलं.

आत बिशपनं बाळाच्या जिभेवर मीठ ठेवलं. बाळानं तोंड वाकडं केलं. धर्मपिता म्हणून आणलेला म्हातारा सरदार उभ्या उभ्या पेंगत होता. राजा खांबाला टेकून, दुखरा पाय पुढं काढून उभा होता. बिशप सोएरो पाण्याच्या कुंडाजवळ आला आणि प्रार्थना पुटपुटल्यासारखं करत राणीला म्हणाला,

"राणीसाहेब, अजून वेळ आहे. सरदारांच्या पत्नी आहेत इथं, त्यांना पुढं करू."

"महाराजांनी सगळ्यांसमोर मलाच सांगितलंय."

"म्हणूनच विचारतोय मी."

"विणकराच्या बायकोला तुम्ही जे सांगितलंत," ती तितक्याच हळू बोलली, "ते बदललंय का?"

बिशपनं तिच्याकडे पाहिलं. त्याचा पुतण्या तिच्याच मेहरबानीनं याच चर्चचा पाद्री झाला होता, पण तेवढंच कारण नव्हतं. बिशपनं कधी न पाहिलेली गोष्ट तिच्या तोंडावर होती.

"नाही," तो म्हणाला. "ते कसं बदलेल?"

"मग पाणी घाला."

त्यानं बाळाला तीनदा बुडवलं आणि बाहेर काढलं. राणीनं हात पुढं केले. ते लालभडक, निसरडं, तेलाचा वास येणारं अंग तिच्या हातांत आलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडायला लागलं. तिला काहीतरी वाटेल अशी तोदाला आशा होती. तिला काहीच वाटलं नाही. तिला फक्त ते हातातून निसटू द्यायचं नव्हतं. बिशपनं नाव विचारलं, तिनं एगास सांगितलं, आणि मारिन्याच्या कापडानं त्याला पुसून घेतलं.

बाहेर आल्यावर कमानीखाली गर्दी झाली. पंच होते, सरदार होते, पायऱ्यांवर अर्धं गाव होतं. राजा खुशीत होता.

"झालं! आता सगळं कसं एका घरातलं झालं," तो म्हणाला, आणि त्यानं राणीच्या कमरेभोवती हात टाकला.

ती एक पाऊल मागं सरली. बाळ तिच्या हातात होतं.

"आता नाही, महाराज. बिशपांना विचारा."

"काय विचारू?"

बिशप सोएरोनं घसा खाकरला. त्यानं सांगायला सुरुवात केली ती लॅटिनमध्ये. राजानं हात हलवून त्याला माणसांच्या भाषेत आणलं. मग त्यानं सांगितलं. राणीसाहेबांनी आपल्या मुलाला पाण्यातून धरलं, त्या आता आपल्याला बहिणीच्या जागी. लग्न कायम, मान कायम, गावं कायम. शेज मात्र नाही. आणि धरायला आपणच सांगितलंत, तेही साक्षीदारांसमोर, तेव्हा शेज मागायचा हक्क आपला गेला.

राजा मोठ्यानं हसला. त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही, तेव्हा तो थांबला.

"विणकराचा कायदा मला लावता?"

"पाणी तेच असतं, महाराज," बिशप म्हणाला.

"रोमला लिहितो मी. पोपकडून सूट आणतो."

"जरूर लिहा. पण अर्जात सगळं मांडावं लागेल. मुलगा कुणाचा, राणीसाहेबांना कुणी आज्ञा केली, सगळं. आणि पोपसाहेब आपल्यावर आधीच रुष्ट आहेत. वर्ष लागेल, दोन लागतील. उत्तर काय येईल ते देव जाणे."

पायऱ्यांवर कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यात हसू होतं आणि ते माणसामाणसांतून पुढं सरकत गेलं. पायोचं नावही कुणीतरी घेतलं. राजा मूर्ख नव्हता. आरडाओरड केली तर हात दाखवून अवलक्षण होणार, उद्या बाजारातली पोरं त्यालाही बहिणीबद्दल विचारणार, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. त्यानं राणीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिल्यासारखं पाहिलं. ती नजर तिनं झेलली. आत्ता तो चिडला तर कुठल्याही किल्ल्यात नेऊन कोंडेल. बिशप, पंच, कुणी काही करू शकणार नाही.

मग राजानं खांदे उडवले.

"बरं तर," तो म्हणाला. "बहीण तर बहीण. माझं काय अडतंय? देवानं मला एकच घर दिलंय थोडंच?" तो वळला. "डोर्डिया! ऊठ गं. इथं कशाला थांबायचं आता? दुपारीच निघू. उद्या ईस्टर. उपवास सुटला."

सुईण काहीतरी म्हणायला गेली. चाळीस दिवस, सोयर, असे शब्द ऐकू आले. राजा हसला, म्हणाला म्हाताऱ्यांच्या गोष्टी, आणि लंगडत खेचरांकडे गेला. गर्दीचा श्वास मोकळा झाला. पंच एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. आपली राणी काय चीज आहे, ते आता कुठं त्यांच्या ध्यानात येत होतं. म्हाताऱ्या पंचानं तर सगळ्यांदेखत तिला लवून नमस्कार केला. तिच्या पाठीतून काहीतरी सैल होत खाली उतरलं. उन्हाळा येणार होता आणि तिच्या खोलीला कडी असणार होती. तिनं बाळ तोदाकडे दिलं.

रिवाजाप्रमाणे मुलाच्या आईनं धर्ममातेच्या हाताचं चुंबन घ्यायचं. डोर्डियाला दोन दासींनी धरून आणलं. ती गुडघ्यांवर बसली, तेव्हा राणीनं तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं. पोरगीच होती. पाय सुजून चपलांबाहेर आले होते, छातीवरच्या पट्ट्या दुधानं भिजल्या होत्या. तिनं राणीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर तोंड टेकलं. तिच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. गालात लवंग धरली होती तिनं, आणि दुसरी नाकपुडीत खोचली होती. राजा जवळ असला की बाई असं का करत असेल, हे राणीला कुणी सांगायची गरज नव्हती.

डोर्डियानं हात सोडला नाही.

"ते इथं राहणार होते," ती हाताशी तोंड ठेवूनच म्हणाली. "उन्हाळाभर तुमच्याकडे. मला तसं सांगितलं होतं. म्हणून मी काही बोलले नाही, बाळ द्यायला पण नाही म्हटलं नाही."

राणीनं खेचरांकडे नजर टाकली.

"माझं रक्त अजून थांबलं नाही, राणीसाहेब. मला ठेवून घ्या. बाळाची आई म्हणून नका ठेवू. जमिनी पुसीन. तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील."

ऐकला असता का? राणीनं विचार केला; निवाड्याला बसल्यावर करायची तसा, दोन्ही बाजूंनी. गाव तिचं. धर्मपुत्राच्या आईला सोयर फिटेपर्यंत घरात ठेवून घ्यायचा तिला पूर्ण अधिकार होता, त्याला रिवाजाचा आधार होता, बिशप मान डोलावायला तयारच होता. एक वाक्य पुरलं असतं. पण पंचवीस पावलांवर राजा खेचराच्या पाठीला टेकून, कुत्रीला जखम चाटू देत, त्यांच्याकडेच बघत होता. एक घास काढून घेतलेला त्यानं हसून सोडला होता. पाठोपाठ दुसऱ्यालाही हात घातला तर तो पहिलाही परत मागेल. आज त्यानं सोडलंय. ते सोडलेलंच राहू दे.

पोरीच्या श्वासाची ऊब तिच्या बोटांवर लागत होती. तिला एकाएकी किळस आली, आणि या खेपेला ती कुणाची आहे हे शोधायला ती थांबली नाही.

"बाळ माझ्याकडे राहील," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आईनं काळजी करू नये. घरी जाऊन विश्रांती घ्यावी."

तिनं हात सोडवून घेतला. त्यासाठी थोडा जोर लावावा लागला. दोघींनी डोर्डियाला उठवलं आणि खेचरावर बसवलं. राजानं स्वतः तिच्या अंगाभोवती घोंगडी नीट केली आणि गालावर थोपटलं. अशा बाबतीत तो मायाळू होता. खेचरं वळली. डोर्डियानं मागं पाहिलं नाही.

कमानीखाली राणी आणि तोदा राहिल्या. बाळ भुकेनं रडून रडून लाल झालं होतं.

"एवढा वेळ काय मागत होती?" तोदानं विचारलं.

"आशीर्वाद."

"मग?"

"दिला," राणी म्हणाली.

तोदानं बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी शेजारीच उभी होते, पोरी," ती म्हणाली, आणि दूध पाजणाऱ्या बाईला हाक मारायला आत निघून गेली.